मुंडा (कोरकू स्मृतिस्तंभ)

मुंडा हा कोरकू या आदिवासी जमातीत मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ उभारला जाणारा कोरीव लाकडी स्तंभ किंवा फलक होय. तो प्रामुख्याने सागाच्या लाकडाचा असतो. त्याच्या दर्शनी बाजूवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार आणि नृत्य करणाऱ्या माणसांच्या आकृती उठावात कोरलेल्या असतात. महाराष्ट्रात ही परंपरा अमरावती जिल्ह्याच्या मेळघाट भागात आढळते. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशातील बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर, हरदा, नर्मदापुरम आणि छिंदवाडा या जिल्ह्यांतील कोरकू समाजाशीही ती जोडलेली आहे.

मुंडा दफनाच्या वेळी उभारला जात नाही. मृत्यूनंतर बऱ्याच काळाने होणाऱ्या सिडोली या उत्तरविधीचा तो भाग असतो. हा विधी पूर्ण झाल्यावर मृताचा आत्मा पूर्वजांमध्ये सामावला, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे मुंडा हे एकाच वेळी मृताचे स्मारक आणि जिवंतांनी आपले कर्तव्य पार पाडल्याची खूण असते. लाकडी शिल्प म्हणून त्याचे मोल अभ्यासकांनी आणि संग्राहकांनी ओळखले आहे. तथापि विधी, कूळ आणि जागा यांच्यापासून वेगळे काढल्यास त्याचा बराचसा अर्थ हरवतो.

नाव

या स्तंभासाठी ‘मुंडा’ हा शब्द कोरकू समाजाविषयीच्या लेखनात रूढ आहे. मध्य प्रदेशातील हिंदी लेखनात ‘मंडो’ असे रूपही आढळते. झारखंड व लगतच्या प्रदेशातील मुंडा जमात आणि तिच्या नावावरून ओळखला जाणारा मुंडा भाषासमूह यांच्याशी या शब्दाचा गोंधळ होण्याचा संभव असतो. कोरकू भाषा त्याच भाषासमूहातील असली, तरी प्रस्तुत लेखात ‘मुंडा’ हा शब्द केवळ स्मृतिस्तंभ या अर्थाने वापरला आहे.

स्मृतिस्तंभासंबंधीच्या उत्तरविधीला ‘सिडोली’ म्हणतात. काही भागांत त्यास ‘फुलजगनी’ असेही नाव आहे.

समाज आणि प्रदेश

‘कोरकू’ या नावाची फोड ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनी प्रत्यय अशी केली जाते. म्हणजेच कोरकू याचा अर्थ ‘माणसे’. कोरकू ही ऑस्ट्रोआशियाई भाषाकुळाच्या मुंडा शाखेतील सर्वांत पश्चिमेकडील भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सुमारे ७.२७ लाख नोंदली गेली. मराठी, हिंदी आणि गोंडी यांच्या शेजारात राहूनही ही भाषा टिकून आहे. रूमा, बावरिया, बोंदोया आणि मवासी हे समाजाचे प्रमुख पोटविभाग मानले जातात.

महाराष्ट्रातील कोरकू वस्ती मुख्यत्वे अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत आहे. मेळघाट हा वऱ्हाडचा डोंगराळ उत्तर भाग पूर्वी एलिचपूर जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला. त्याच फेररचनेत वऱ्हाडच्या दक्षिणेकडील वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मेळघाट विदर्भासह तत्कालीन मुंबई राज्यात आला आणि बैतूल, निमाड हे भाग मध्य प्रदेशात राहिले. परिणामी एकाच समाजाची वस्ती दोन राज्यांत विभागली गेली, आणि त्याच्या कलापरंपरांची नोंदही दोन भाषांत व दोन प्रशासनांत वाटली गेली.

कोरकू गावात घरांच्या दोन रांगा समोरासमोर असतात आणि मधून सरळ रस्ता जातो. धार्मिक कार्ये भूमका हा पुजारी पार पाडतो. आजार, बाधा किंवा पूर्वजांचा कोप यांचे कारण सांगण्याचे काम पडियार करतो. मुठवा हा गावाचा रक्षक देव आहे. सूर्य आणि चंद्र यांना देवांमध्ये महत्त्वाचे स्थान आहे.

कोरकूंच्या उत्पत्तिकथेनुसार विंध्य आणि सातपुडा हे डोंगर निर्मनुष्य असल्याचे पाहून रावणाने महादेवाला तेथे वस्ती करण्याची विनंती केली. महादेवाने वारुळाच्या तांबड्या मातीचे स्त्री आणि पुरुष घडवले. परंतु इंद्राने पाठवलेल्या घोड्यांनी ते तुडवून टाकले. पुन्हा घडवले तरी तसेच झाले. अखेर महादेवाने मातीचा कुत्रा करून त्यात प्राण घातला. त्या कुत्र्याने घोड्यांना दूर ठेवले आणि मुला व मुलाई हे पहिले जोडपे जन्मास आले.

सिडोली विधी

कोरकू समाजात मृतास पुरण्याची प्रथा आहे. दफन झाले म्हणजे मृताची पूर्ण पाठवणी झाली असे मात्र मानले जात नाही. सिडोली होईपर्यंत मृताचा आत्मा घराच्या व गावाच्या आसपास असतो आणि उपेक्षा झाल्यास तो कुटुंबाला त्रास देऊ शकतो, अशी समजूत आहे. आजारपण, गुरांचे मरणे किंवा पिकाचे नुकसान यांची कारणे शोधताना राहून गेलेल्या सिडोलीचा विचार होतो तो याच समजुतीमुळे.

या विधीला ठरावीक तिथी नसते. तो केव्हा करायचा हे मुख्यतः ऐपतीवर अवलंबून असते. सर्व नातेवाइकांना बोलावणे, त्यांच्या जेवणाची व्यवस्था, बळीसाठी बोकड, मोहाची दारू, वाद्ये आणि स्तंभाची घडण असा मोठा खर्च असल्याने मृत्यू आणि सिडोली यांच्यात काही वर्षे जातात. कित्येकदा एक दशकही उलटते. एका कुळातील किंवा कुटुंबातील अनेक मृतांची सिडोली एकत्र करण्याची पद्धत या खर्चातूनच रूढ झाली आहे. त्यामुळे एक विधी हा पुष्कळदा एका पिढीचा हिशेब पूर्ण करणारा असतो.

विधीत पुढील टप्पे दिसतात. प्रथम लाकूड निवडून स्तंभ घडवला जातो. ठरलेल्या दिवशी कुळातील माणसे आणि सोयरे जमतात. ढोल व बासरीच्या साथीने गाणी आणि नृत्य होते. मृतांच्या नावाने बोकडाचा बळी दिला जातो. त्यानंतर स्तंभ गावाबाहेरील ठरलेल्या जागी रोवून त्याची पूजा केली जाते आणि सर्वजण सहभोजन करतात. रडण्याचा काळ संपून उत्सवाचे वातावरण येते, हे या विधीचे वैशिष्ट्य म्हणून अनेक निरीक्षकांनी नोंदवले आहे. एका व्यक्तीचे दुःख दफनाच्या वेळी व्यक्त झालेले असते. सिडोलीत संपूर्ण कूळ त्या व्यक्तीला पूर्वज म्हणून स्वीकारते.

होळीनंतर सातपुड्यातील गावांत उभारला जाणारा मेघनाथाचा खांब याहून भिन्न आहे. तो गावजत्रेचा भाग असतो आणि कोणा मृताशी संबंधित नसतो. उंच लाकडी खांब एवढ्याच साम्यावरून दोन्हींना एक समजणे चुकीचे ठरते.

लाकूड आणि घडण

मेळघाट आणि लगतचा सातपुडा हे सागाच्या जंगलाचे प्रदेश आहेत. सागाच्या लाकडाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि वाळवीला रोखणारी द्रव्ये असतात. ते फारसे तडकत नाही आणि धारदार हत्याराने त्यावर बारीक काम करता येते. उघड्यावर ऊनपावसात उभ्या राहणाऱ्या शिल्पासाठी हे गुण आवश्यक असतात. सालीलगतच्या फिकट रंगाच्या लाकडात हे गुण नसल्याने ते तासून टाकून गाभ्याचा भाग वापरणे श्रेयस्कर असते.

खोड कुऱ्हाडीने तोडून वाकसाने तासले जाते. त्यातून जाड फळीसारखा किंवा चौकोनी खांबासारखा आकार निघतो. त्याचे तीन भाग स्पष्ट दिसतात. खालचा भाग जमिनीत गाडायचा असल्याने साधा ठेवलेला असतो. मधला भाग सपाट असून त्यावर मुख्य कोरीवकाम असते. वरचा भाग निमुळता होत जातो आणि त्याला शिखरासारखा, कळसासारखा किंवा गोलसर आकार दिलेला असतो. आकृतींच्या भोवतालचे लाकूड पटाशीने खोल काढून त्या उठावात आणल्या जातात. चेहऱ्याचे बारकावे क्वचितच दाखवलेले असतात. डोके, धड, हातपाय, घोड्याची मान व लगाम यांच्या ठळक रेषांवर भर असतो.

मधल्या भागाचे आडव्या पट्ट्यांत विभाजन केलेले असते. पट्ट्यांच्या कडांना त्रिकोण, नागमोडी रेषा, शंकरपाळ्यासारखे चौकोन किंवा फुलांच्या आकृती असतात. हे अलंकरण मोकळी जागा भरून काढते आणि एक दृश्य दुसऱ्यापासून वेगळेही करते.

उघड्यावरील लाकडाचा क्षय सर्वांत आधी जमिनीच्या पातळीवर सुरू होतो, कारण तेथे ओलावा आणि हवा दोन्ही एकत्र असतात. वरचे कोरीवकाम शाबूत असतानाही तळ कुजून स्तंभ कलंडतो. पावसाने लाकडाचे मऊ थर झिजतात व कठीण थर वर राहतात. त्यामुळे जुन्या मुंड्यांवर उभ्या सुरकुत्यांसारख्या रेषा दिसतात आणि आकृती हळूहळू त्यांत मिसळून जातात.

आकृती आणि त्यांचे अर्थ

सूर्य आणि चंद्र: फलकाच्या वरच्या भागात सूर्याचे वर्तुळ आणि चंद्राची कोर असते. मराठी वाचकास हे चिन्ह वीरगळांवरून आणि दानलेखांवरील ‘आचंद्रार्क’ या संकल्पनेवरून परिचित आहे. तेथे ते कीर्ती किंवा दान चिरकाल टिकावे असे सुचवते. कोरकूंच्या बाबतीत सूर्य आणि चंद्र हे स्वतः देव असल्याने त्यांच्या उपस्थितीला साक्षीचाही अर्थ येतो.

घोडेस्वार: मृत व्यक्ती घोड्यावर बसलेली दाखवणे हा सर्वाधिक आढळणारा विषय आहे. कोरकू समाजाचे जीवन डोंगरउतारावरील शेती, वनोपज आणि शिकार यांवर आधारलेले होते. घोडा हा त्यांच्या नित्य वापरातला प्राणी नव्हता. उत्पत्तिकथेत तर घोडे माणसाच्या मूर्ती तुडवणारे म्हणून येतात. फलकावरील घोडा प्रतिष्ठेचे वाहन आहे. पश्चिम आणि मध्य भारतातील राजपूत, भिल्ल व इतर समाजांच्या स्मारकांवर घोडेस्वार ही मृत वीराची रूढ प्रतिमा आहे, आणि कोरकू स्मृतिफलकांनी ती आपल्या पूर्वजांसाठी स्वीकारली असे मानण्यास वाव आहे. ज्याच्या दारी आयुष्यात घोडा बांधला गेला नाही, त्यालाही पूर्वज झाल्यावर स्वार म्हणून स्थान मिळते.

नर्तकांची रांग: एकमेकांचे हात धरून उभ्या असलेल्या आकृतींची रांग हा दुसरा महत्त्वाचा विषय होय. कोरकूंच्या सामाजिक जीवनात गादुली-सुसुन यांसारख्या सामूहिक नृत्यांना मोठे स्थान आहे. ‘सुसुन’ या शब्दाचा अर्थच नृत्य असा आहे. सिडोलीतही नृत्य असल्याने फलकावरील रांगेत तो विधी प्रतिबिंबित झालेला दिसतो. एकटा स्वार आणि जोडलेल्या हातांची रांग ही दोन दृश्ये एकत्र पाहिली असता मृत आणि त्याला निरोप देणारा समाज असे दोन्ही पक्ष एकाच लाकडावर येतात.

फलकावर मृताचे नाव किंवा तारीख कोरण्याची मूळ परंपरा नाही. कोणता मुंडा कोणाचा हे कुळातील माणसांच्या स्मरणात असते. ही स्मृती काही पिढ्यांनंतर पुसट होते आणि व्यक्तीचे स्मारक ‘जुन्या माणसांचे’ स्मारक बनते.

स्थान

मुंडा गावाबाहेर, मोठ्या झाडाच्या सावलीत किंवा कुळासाठी परंपरेने ठरलेल्या जागी उभा केला जातो. एकाच ठिकाणी वेगवेगळ्या काळातील अनेक स्तंभ उभे असल्याने त्यांचा समूह तयार होतो. नवा, धारदार कडांचा स्तंभ आणि त्याच्या शेजारी झिजून करडा पडलेला किंवा आडवा झालेला स्तंभ असे दृश्य तेथे दिसते. जुने स्तंभ दुरुस्त करून कायम उभे ठेवण्याचा आग्रह परंपरेत नाही. विधी यथासांग झाला की स्तंभाचे मुख्य कार्य पूर्ण होते. पुढे तो मातीत मिसळला तरी त्याला अनादर मानले जात नाही.

वीरगळ आणि मुंडा

महाराष्ट्रात मृतांच्या स्मारकांचा सर्वपरिचित प्रकार म्हणजे वीरगळ. वीरगळाची रचनाही आडव्या पट्ट्यांची असते. खालच्या पट्टीत युद्ध किंवा गोरक्षणाचा प्रसंग, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा आणि शिखराशी चंद्रसूर्य असा क्रम दिसतो. मुंड्याची मांडणी त्याच्याशी साम्य दाखवते. परंतु दोहोंत मूलभूत फरक आहेत.

वीरगळ हे लढताना विशेष प्रकारे मरण आलेल्या व्यक्तीचे स्मारक आहे, तर मुंडा सामान्य मरण आलेल्यांसाठीही असतो. वीरगळ दगडाचा असल्याने शतकानुशतके टिकतो, तर मुंडा काही दशकांत झिजतो. वीरगळावर मृत्यूची आणि स्वर्गारोहणाची कथा क्रमाने सांगितलेली असते. मुंड्यावर अशी कथा नसून मृताची प्रतिष्ठा आणि समाजाची उपस्थिती दाखवलेली असते.

अभ्यासाचा इतिहास

कॅप्टन जेम्स फोर्साइथ यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात सातपुड्यातील कोरकूंचे वर्णन केले असून सागाच्या लाकडावर कोरलेल्या, घोड्यावर स्वार असलेल्या मृताच्या प्रतिमेची दखल घेतली आहे. रॉबर्ट व्हेन रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया’ या चार खंडांच्या कोशात कोरकूंवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात उत्पत्तिकथा, भूमका व पडियार यांचे कार्य आणि सिडोली यांची माहिती मिळते.

व्हिएन्ना येथील मानवशास्त्रज्ञ विल्हेल्म कोपर्स यांनी १९४२ मध्ये भिल्ल आणि मध्य भारतातील इतर जमातींच्या मृतस्मारकांवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. या स्मारकांचा महापाषाणीय संस्कृतीशी काय संबंध आहे, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. झारखंडमधील मुंडा आणि हो या भाषाबंधू जमाती मृतांसाठी दगड रोवतात. कोरकू लाकूड रोवतात. या तुलनेमुळे कोरकू स्मृतिस्तंभांकडे केवळ स्थानिक कारागिरी म्हणून न पाहता व्यापक प्रथेचा एक प्रकार म्हणून पाहिले जाऊ लागले. व्हेरिअर एल्विन यांच्या १९५१ च्या ‘द ट्रायबल आर्ट ऑफ मिडल इंडिया’ या ग्रंथाने मध्य भारतातील आदिवासींच्या लाकडी शिल्पाला कला म्हणून ओळख मिळवून दिली. स्टीफन फुक्स यांचा ‘द कोरकूज ऑफ द विंध्य हिल्स’ हा १९८८ मधील ग्रंथ या समाजावरील प्रमुख मानवशास्त्रीय ग्रंथांपैकी एक आहे. एस. सेट्टर आणि गुंथर सोंथायमर यांनी संपादित केलेल्या १९८२ च्या ‘मेमोरियल स्टोन्स’ या संग्रहामुळे भारतातील स्मारकशिळांच्या तुलनात्मक अभ्यासाला चालना मिळाली.

महाराष्ट्र आणि शेजारील प्रदेशांतील संबंधित परंपरा

विदर्भातील सर्व आदिवासी समाजांची मृतस्मारके एकसारखी नाहीत. मेळघाटच्या दक्षिणेस वऱ्हाडच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान आणि आंध या समाजांची वस्ती आहे. हा जिल्हा आणि पैनगंगेपलीकडील आदिलाबाद हा गोंड संस्कृतीचा सलग प्रदेश होय. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ च्या ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ या ग्रंथात त्याचा सविस्तर अभ्यास केला. येथील गोंडांमध्ये मृताला कुळाच्या पर्सापेन या देवाशी जोडण्याला महत्त्व आहे, आणि या विधीत परधानांचे वादन व गायन आवश्यक असते. मृताला पूर्वजांत सामील करून घेण्याची गरज कोरकूंप्रमाणेच येथेही आहे. मात्र त्या सामील होण्याची खूण कोरकू लाकडात कोरतात, तर गोंडांमध्ये कुलदेव आणि परधानाचे गायन यांच्याद्वारे ती जपली जाते.

गडचिरोली जिल्ह्यातील माडिया मृतांसाठी उभे दगड रोवतात. लगतच्या बस्तरमध्ये दंडामी माडियांचे कोरीव लाकडी स्तंभ प्रसिद्ध आहेत. तेथे पुढे रंगवलेल्या शिळा आणि सिमेंटची स्मारके आली आणि त्यांवर मोटार, विमान यांसारखे नवे विषय दाखल झाले.

भिल्लांमध्ये घोडेस्वार कोरलेल्या स्मारकशिळांची परंपरा आहे. दक्षिण गुजरातमधील चौधरी, गामीत आणि वसावा समाजांचे लाकडी पुतळे व खांब एबरहार्ड फिशर आणि हकू शाह यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे ज्ञात झाले. पालघर, नाशिक आणि डांग भागांतील वाघदेवाच्या लाकडी फलकांवरही सूर्य, चंद्र आणि प्राणी उठावात असतात. परंतु ते रक्षक देवाचे फलक असून मृतस्मारके नाहीत.

जगातील समांतर परंपरा

मृतांसाठी लाकूड कोरण्याची प्रथा जगाच्या अनेक भागांत आहे. मादागास्करच्या नैर्ऋत्येकडील महाफाली लोकांचे ‘अलोआलो’ हे त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध होय. प्रतिष्ठित व्यक्तीच्या दगडांनी भरलेल्या विस्तीर्ण चौकोनी थडग्यावर हे उंच कोरीव खांब रोवले जातात. खांबाच्या दांड्यावर चंद्रकोरी आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या आकृती जाळीदार कामात एकावर एक रचलेल्या असतात; शिखरावर मदारीचा बैल, पक्षी किंवा माणूस असतो. अंत्यविधीत बळी दिलेल्या बैलांची शिंगे थडग्यावर मांडली जातात. विसाव्या शतकात शिखरांवर विमान, मोटारगाडी आणि दैनंदिन जीवनातील प्रसंग दिसू लागले. महाफाली शिल्पकार एफियाइम्बेलो यांची शिल्पे १९८९ मध्ये पॅरिस येथील ‘माजिसियें द ला तेर’ या प्रदर्शनात मांडण्यात आली होती.

पाकिस्तानच्या चित्राल भागातील कलाश लोकांचे पूर्वजांचे लाकडी पुतळेही या संदर्भात उल्लेखनीय आहेत. त्यांतही घोड्यावर स्वार झालेला पूर्वज आढळतो. कलाश पुतळे, अलोआलो आणि मुंडा या तिन्हींच्या मागे मोठा खर्च, पशुबळी आणि सामूहिक भोजन आहे. मूळ जागेवरून होणारी चोरी आणि कलाबाजारातील मागणी हा धोका अलोआलो आणि कलाश पुतळे यांना विशेषत्वाने जाणवला आहे.

सद्यःस्थिती आणि जतनाचे प्रश्न

मुंड्याची परंपरा टिकण्यासाठी लाकूड, कारागीर, विधीचा खर्च उचलण्याची क्षमता आणि कुळाची जागा या चार गोष्टींची आवश्यकता असते. सागाचे जंगल ब्रिटिश काळापासून राखीव आहे आणि परवानगीशिवाय साग तोडणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे जंगलात राहूनही विधीसाठी लाकूड मिळवणे सोपे नसते. रोजगारासाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतरामुळे संपूर्ण कुळाला एकत्र आणणेही अवघड झाले आहे.

जागेचा प्रश्न व्याघ्र प्रकल्पामुळे अधिक महत्त्वाचा ठरला. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत समाविष्ट झाला. त्याच्या गाभा क्षेत्रातील बोरी, कोहा आणि कुंड ही गावे सुरुवातीच्या टप्प्यात बाहेर हलवण्यात आली आणि पुढे इतर गावांचेही पुनर्वसन झाले. घर, शेत आणि शाळा नव्या ठिकाणी उभारता येते. पूर्वजांना जेथे विधिपूर्वक स्थान दिले गेले ती जागा त्याच अर्थाने हलवता येत नाही. स्तंभ उपटून नेणे ही केवळ वाहतुकीची बाब नसून त्यासाठी कुळाची संमती आणि नवा विधी यांचा विचार करावा लागतो.

कायद्याच्या दृष्टीने मुंडा अडचणीच्या जागी आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलाकोष अधिनियमानुसार शिल्पास पुरावशेष ठरण्यासाठी ते किमान १०० वर्षे जुने असावे लागते. उघड्यावरील लाकडी स्तंभ क्वचितच इतका काळ टिकतो. ज्याचा नाश काही दशकांत होतो अशा वारशाला वयाची ही अट लावल्यास तो बहुतांशी संरक्षणाबाहेर राहतो. याउलट १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे. धारणी आणि चिखलदरा हे तालुके तसेच यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी या तालुक्यांतील अधिसूचित गावे या क्षेत्रात येतात. २००६ च्या वनहक्क कायद्यात शिकार वगळता वननिवासींनी परंपरेने उपभोगलेल्या इतर हक्कांनाही मान्यता आहे. मुंड्याच्या जागा आणि विधीसाठी लागणारे लाकूड यांचा विचार या तरतुदींच्या चौकटीत ग्रामसभेच्या पुढाकाराने होऊ शकतो.

संग्रहालयीन पातळीवर भोपाळ येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आणि मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालय या प्रमुख संस्था आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या जनजातीय संग्रहालयात मध्य प्रदेशातील सात जमातींचे जीवन मांडले असून कोरकू ही त्यांपैकी एक आहे. महाराष्ट्रात पुणे येथील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय राज्यातील जमातींच्या वस्तू जतन करते.

संग्रहालयात ठेवलेला मुंडा वाळवी आणि पावसापासून सुरक्षित राहतो व अभ्यासासाठी उपलब्ध होतो. मात्र परंपरेत मुंड्याचे आयुष्य मर्यादित आहे आणि पुढच्या सिडोलीत नवा मुंडा उभा राहणे हेच तिचे सातत्य आहे. त्यामुळे जतनाच्या प्रयत्नांत जुन्या स्तंभांइतकेच महत्त्व कोणता स्तंभ कोणाचा, तो कोणी घडवला आणि त्या वेळी कोणती गाणी म्हटली गेली या माहितीला आहे. ही माहिती फलकावर कोरलेली नसून कोरकू भाषेत आणि वृद्धांच्या स्मरणात आहे.